भिंतीतली भेग आणि अठ्ठेचाळीस वाटे

वाघोलीचं घर विकायचं, हे ठरायला आम्हा भावंडांना दोन वर्षं लागली. ते डागडुजी करून विकायचं की आहे तसं विकायचं, हे ठरायला त्यानंतर एक अख्खा पावसाळा गेला. आधी वाटलं होतं, घर सोडण्याचा निर्णय अवघड आणि डागडुजीचा सोपा. गवंडी बोलवायचा, आकडा काढायचा, परवडतं का बघायचं. तसं झालं नाही. गिलाव्याच्या आणि रंगाच्या हिशेबातून बहिणींच्या वाट्याचा विषय निघाला, त्यातून विकणाऱ्याच्या इमानाचा निघाला आणि अब्बांनी आम्हाला वारंवार बजावलेली एक गोष्टही वर आली. वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या हा प्रसंग येणार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहोत.

आम्ही चौघं. दोन भाऊ, दोन बहिणी. अब्बा २०२२ साली गेले. त्यानंतर अम्मी थोरल्याकडे कोंढव्याला राहायला आली. आपा साताऱ्याला, धाकटी बहीण दौंडला, धाकटा भाऊ नोकरीसाठी नाशिकला. वाघोलीच्या घराला कुलूप लागलं. बंद घराला माणसाच्या श्वासाची ऊब नसते. दोन पावसाळ्यांत भिंतींना ओल चढली, मोरीजवळची फरशी खचली, गच्चीत पिंपळ उगवला. महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन झाडलोट करायची, एवढाच त्या घराशी व्यवहार उरला होता.

आता घराची हकिगत. वाघोली हे पिलाजी जाधवरावांचं गाव. त्यांची समाधी आणि वाघेश्वराचं देऊळ ही गावाची जुनी ओळख. दुसरी ओळख दगडखाणींची. पुण्यात इमारती उठू लागल्या तशी इथल्या खाणींची आणि खडी क्रशरची घरघर वाढत गेली. खाणमजुरांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेनं चालवलेल्या पाषाण शाळा याच भागातल्या. अब्बा सोलापूर जिल्ह्यातून इथे आले ते क्रशरवर फिटर म्हणून. क्रशरचा जबडा, पट्टे, बेअरिंग हे त्यांचं जग. संध्याकाळी घरी आले की पापण्यांवरसुद्धा दगडाची पांढरी भुकटी असायची. अम्मी त्यांना आधी अंगणात हातपाय धुवायला लावायची, मग आत घ्यायची.

१९८३ साली त्यांनी गावठाणाच्या कडेला दीड गुंठा जागा घेतली. खाणीतला काळा दगड मातीत रचून दोन खोल्या उभ्या केल्या, बाहेरून दर्जा भरल्या, वर पत्रे टाकले. जागेचा मागचा कोपरा म्हणजे पूर्वी मुरूम काढलेला खड्डा होता. तो त्यांनी क्रशरवरची कच आणि दगडाचा चुरा टाकून भरून घेतला. त्या काळी जागेची किंमत कमी होती ती या खड्ड्यामुळेच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती माणसांवर कोसळल्या आणि हजारो माणसं झोपेतच गेली. लातूर-उस्मानाबादकडची शेकडो पोरकी मुलं भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्यात आणली. त्यांचं संकुल आमच्या वाघोलीतच उभं राहिलं. ती मुलं रस्त्यानं शाळेला जाताना दिसली की अब्बा आमच्या भिंतींकडे बघायचे. दगड तोच, माती तीच. भूकंपानंतर मराठवाड्यात घरं मजबूत करण्याचं मोठं काम सरकारनं हाती घेतलं, त्यात गवंड्यांना दोन गोष्टी शिकवल्या गेल्या. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड घालायचे आणि भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायचा. अब्बांनी कुठूनतरी हे ऐकलं आणि १९९५ साली, बोनसचे आणि अम्मीच्या बांगड्यांचे पैसे घालून, पुढच्या खोलीला पट्टा फिरवून वर स्लॅब टाकला. मागच्या खोलीवर मात्र पत्रेच ठेवले. आम्ही मोठे झाल्यावर कधी वरती खोली काढायचा विषय निघाला की ते एकच वाक्य बोलायचे, “मागचा कोपरा भरावावर आहे. त्याच्या डोक्यावर ओझं देऊ नका.”

हे वाक्य आम्हा चौघांना पाठ होतं. घराच्या कुठल्याही कागदावर ते नव्हतं.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही घर दाखवायला सुरुवात केली. वाघोली तोवर पार बदललेली. ३० जून २०२१ ला तेवीस गावं पुणे महापालिकेत आली, त्यात वाघोलीही आली. ग्रामपंचायतीच्या आठ-अ च्या उताऱ्याच्या जागी महापालिकेचा कर आला. खराडीच्या आयटी पार्कमुळे भाड्यानं खोली शोधणारी तरुण पोरं गल्लीगल्लीत फिरू लागली. पाण्याचे टँकर आणि नगर रस्त्यावरची कोंडी मात्र महापालिकेत येऊनही सुटली नाही.

पहिला एजंट आला, घर फिरून बघितलं आणि म्हणाला, “अशा अवस्थेत दाखवलं तर गिऱ्हाईक जागेचाच भाव देईल. आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा मारा, पुट्टी करा, रंग द्या, मोरीला टाइल्स लावा. तीन-साडेतीन लाख घाला, दहा लाख वाढवून देतो.” गवंड्याकडून आकडा काढला. तो आला ३ लाख ३६ हजार.

थोरला तयार झाला. पैसे तो घालणार, घर विकलं की आधी ते वळते करून घेणार आणि उरलेल्याची वाटणी. धाकट्या भावालाही ते बरोबर वाटलं. फोनवर ही योजना ऐकून दौंडची धाकटी बहीण म्हणाली, “पैसे तू घालतोयस, पण जाणार कुणाच्या वाट्यातून?”

प्रश्न साधा होता. उत्तरासाठी वही घ्यावी लागली. शरियतच्या हिशेबानं, मुलंबाळं असताना विधवेचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाचे दोन वाटे, तर मुलीचा एक. आमच्या घरात हे बसवलं तर घराचे अठ्ठेचाळीस वाटे होतात. अम्मीचे सहा, प्रत्येक भावाचे चौदा, प्रत्येक बहिणीचे सात. म्हणजे दोघी बहिणी मिळून एका भावाएवढ्या. ३ लाख ३६ हजारांना अठ्ठेचाळीसनं भागलं की वाट्याला सात हजार येतात. धाकटीचे एकोणपन्नास हजार रंगात जाणार होते आणि दहा लाख वाढले नाहीत तर ते परत येणार नव्हते.

आमच्या समाजात इथेच एक जुनी सोय असते. बहिणींकडून हक्कसोड पत्र करून घ्यायचं. “कटकट नको, सही करून टाका, आम्ही काय तुम्हाला विसरणार आहोत का,” असं म्हणायचं. बहिणीही माहेर तुटू नये म्हणून सही करतात. निकाहाच्या, तलाकच्या प्रश्नावर शरियतचं नाव घेऊन उभे राहणारे आपण घराच्या वाटणीच्या दिवशी तिच्याकडे पाठ फिरवतो. सुऱ्ह निसामध्ये मुलींचा हिस्सा स्पष्ट ठरवून दिलेला आहे. तो भावाच्या मर्जीवर सोडलेला नाही. आमच्याकडेही ‘कामाला सोपं पडेल’ म्हणून हक्कसोडीचा विषय निघाला. साताऱ्याची आपा सहसा बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, “सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात यायला मला बसनं तीन तास लागतील. मी येईन.” विषय तिथेच संपला. त्यानंतर डागडुजीचा निर्णय दोन भावांचा राहिला नाही, पाच जणांचा झाला.

मग आम्ही नीट विचार करायला बसलो. पहिला मुद्दा, गिऱ्हाईक कोण? वाघोलीसारख्या ठिकाणी ते दोन प्रकारचं असतं. एक, घर पाडून तिथे चार मजले चढवणारा. त्याच्या दृष्टीनं आपलं घर म्हणजे उचलावा लागणारा राडारोडा. त्याला रंग दाखवणं म्हणजे पैसा पाण्यात. दुसरा, त्या घरात राहायला येणारा. तो रंग बघतो, पण त्याला खरी गरज असते ती न गळणाऱ्या छपराची आणि धड उभ्या भिंतीची. कर्ज काढणार असेल तर बँकेचा मूल्यांकन करणारा येतो, तो बांधकामाचं वय आणि अवस्था बघतो. ताज्या रंगानं तो फसत नाही. म्हणजे ज्याला रंगाचा उपयोग नाही त्याला तो दाखवून फायदा नाही, आणि ज्याच्यावर रंगाचा परिणाम होतो त्याच्या बाबतीत तो परिणाम म्हणजे भूल.

दुसरा मुद्दा कराचा. वडिलोपार्जित घर विकून जो नफा होतो त्यावर प्रत्येक वारसाला आपापल्या हिश्शापुरता कर बसतो. घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ खर्च म्हणून धरता येते. घरात भर घालणारं, त्याला बळकटी देणारं काम केलं तर तो खर्च नफ्यातून वजा होऊ शकतो. रंग आणि किरकोळ डागडुजी सहसा त्यात बसत नाही. आमच्या हिशेबनीसानं हे सांगितलं आणि बजावलं, जे काही कराल त्याची पक्की पावती ठेवा. एजंटच्या दहा लाखांच्या गणितात यातलं काहीच नव्हतं.

तिसरा मुद्दा भिंतीचा. मागच्या खोलीत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यापासून जोत्यापर्यंत तिरकी भेग होती. ती कधी पडली ते कुणाला सांगता येत नव्हतं. पूर्वी खाणीत सुरुंग उडायचे तेव्हा भांडी वाजायची, अम्मी फळीवरचे चिनी मातीचे कप उतरवून ठेवायची. भेग त्या हादऱ्यांची असेल तर जुनी आणि मेलेली. भरावाची असेल तर जिवंत. गवंडी म्हणाला, “गिलाव्यात बुजवून टाकू, दिसणार पण नाही.”

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त इंजिनिअरनं दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. वरून भिंत कोरडी दिसते, आतली माती मऊ होत जाते. अशा भिंतीला चुनाच बरा. दुसरी म्हणजे भेग जिवंत आहे की मेलेली, हे विचारायचं असेल तर भेगेलाच विचारा. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवायची, शेजारी तारीख लिहायची आणि एक पावसाळा जाऊ द्यायचा. भिंत हलली तर काच तडकते, कारण काचेला ताणता येत नाही.

८ जूनला आम्ही तीन पट्ट्या लावल्या. एजंट वैतागला. पावसाळ्यात घर बंद ठेवायचं म्हणजे सीझन घालवायचा, असं त्याचं म्हणणं. आम्ही थांबलो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी भावंडं जमली. वरची पट्टी शाबूत होती. मधली मधोमध तडकली होती. खालची निखळून पडली होती. खड्डा अजून बसत होता. अब्बांनी सांगितलं होतं ते एकेचाळीस वर्षांनंतरही खरं होतं.

आता प्रश्न पैशाचा राहिला नाही. कोपरा खरोखर दुरुस्त करायचा तर पायाखालचा भराव टप्प्याटप्प्यानं काढून खालच्या खडकापर्यंत काँक्रीट भरावं लागणार होतं. इंजिनिअरनं अंदाज दिला पाच लाखांच्या आसपास. एवढे पैसे आमच्यापैकी कुणाकडे मोकळे नव्हते. मग उरले दोन रस्ते. भेग गिलाव्याखाली घालायची किंवा भेग दाखवून विकायचं.

धाकट्या भावाचा युक्तिवाद पोकळ नव्हता. तो म्हणाला, “आपण खोटं काही सांगणार नाही. घर उघडं आहे, त्यांनी बघून घ्यावं, हवा तो माणूस आणून तपासावं. खरेदीखतात ‘जसं आहे तसं’ लिहू. बाजार असाच चालतो. आपणच एवढे साधू का व्हायचं? आपल्याला विकताना कुणी सांगितलं होतं का?”

शेवटचा प्रश्न त्यानं अर्ध्यातच सोडला. कारण अब्बांना विकणाऱ्यानं खड्डा दाखवला होता आणि भाव कमी केला होता.

कायद्यात बघितलं. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा सांगतो की मालमत्तेतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजीनं बघूनही सापडणार नाही, तो विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. गळकं छप्पर डोळ्यांना दिसतं. जमिनीखालचा भराव दिसत नाही. वर गिलावा चढवला तर भेगही दिसत नाही. म्हणजे ‘बघून घ्या’ म्हणून आमची सुटका नव्हती.

आणि कायद्याच्या कितीतरी आधी हे आपल्याला सांगून झालेलं आहे. हदीसमधला बाजाराचा प्रसंग आपण मदरशात ऐकतो. पैगंबर (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात आणि बोटांना ओल लागते. व्यापारी म्हणतो, पावसानं भिजलं. ते विचारतात की मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. पुढचे फसवणाऱ्याबद्दलचे कडक शब्द सर्वांना ठाऊक आहेत. आम्ही लहानपणापासून ते शब्दच लक्षात ठेवले होते. त्या पावसाळ्यात प्रथमच त्यातला तपशील लक्षात आला. त्या व्यापाऱ्यानं धान्य भिजवलं नव्हतं, ते पावसानं भिजलं होतं. दोष त्याचा नव्हता. दोष खाली ठेवून कोरडं वर ठेवणं तेवढं त्याचं होतं. आमचा खड्डाही आम्ही खणलेला नव्हता. त्याच्यावर गिलावा चढवणं मात्र आमच्या हातात होतं.

फिकहमध्ये तर विकत घेतलेल्या वस्तूत आधीपासूनचा ऐब निघाला तर सौदा मोडण्याचा हक्क घेणाऱ्याला दिलेला आहे. इमाम अबू हनिफा कूफ्यात कापडाचा व्यापार करत. त्यांच्याबद्दल सांगितलं जातं की एका तागात खोट आहे, ती सांगून विक, असं त्यांनी भागीदाराला बजावलं होतं. भागीदार सांगायला विसरला. गिऱ्हाईक सापडेना, तेव्हा इमामांनी आलेली सगळी रक्कम खैरात केली. कापडातल्या खोटीनं फार तर अंगरखा लवकर फाटतो. भिंतीतल्या खोटीचं काय होतं? कोंढव्यात, अम्मी जिथे राहते तिथून काही अंतरावर, २९ जून २०१९ च्या मध्यरात्री एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली. पंधरा माणसं गेली. पोटासाठी परमुलखातून आलेली, झोपलेली माणसं.

आमच्या घराची मागची भिंत ज्या बोळाकडे आहे तिथे दिवसभर मुलं खेळतात. शिवाय वाघोलीत घर घेणारा प्रत्येक जण पहिल्या वर्षात एकच काम करतो, भाड्यासाठी वर दोन खोल्या काढतो. भेग बुजवून, रंग देऊन आम्ही घर दिलं असतं तर घेणाऱ्यानं नेमकं तेच केलं असतं जे अब्बांनी करू नका म्हणून सांगितलं होतं.

तरीही किंमत कमी होणार होती आणि ती सगळ्यांत जास्त बोचणार होती धाकटीला. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. मुलगी नर्सिंगला आहे. म्हणून आम्ही ठरवलं, शेवटचा शब्द तिचा. ती म्हणाली, “दौंडला आम्ही खोली घेतली तेव्हा मालकानं ताजा रंग देऊन दिली होती. फार छान वाटलं. पहिल्या पावसात उशाशी भिंत ओली झाली. पोरीला वर्षभर खोकला. त्या मालकाचं मी काय चिंतलं ते अल्लाला माहीत. तसं कुणी आपल्या अब्बांच्या घरात राहून आपल्याबद्दल चिंतायला नको.”

यानंतर कुणी काही बोललं नाही. अम्मीनं चहा ठेवला.

मग डागडुजीची यादी नव्यानं केली. कसोटी एकच ठेवली. ज्यानं कुणाला इजा होईल ते विकण्याआधी दुरुस्त करायचं. ज्यानं फक्त काही झाकलं जाईल ते करायचं नाही. या कसोटीला गच्चीचा बोळाकडचा सुटलेला कठडा उतरला. तो पाडून घेतला. पुढच्या स्लॅबच्या छज्जाखाली गज गंजून फुगले होते. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान वाढतं आणि ते बाहेरचं काँक्रीट ढकलून देतं, मग पोपडे पडतात. लोंबणारे पोपडे काढले, गज घासून त्यांना गंजरोधक लावलं आणि दुरुस्तीचा माल भरून घेतला. तीस वर्षांपूर्वीची वायरिंग काढून मुख्य बोर्ड नवा बसवला, शॉक लागताच वीज तोडणारी कळ घातली. संडासच्या टाकीवर नवं झाकण टाकलं. गच्चीतला पिंपळ मुळासकट काढला. रंग नाही, पुट्टी नाही, टाइल्स नाहीत. भेग तशीच ठेवली. तडकलेली काचही तारखेसकट तशीच ठेवली.

खर्च ९६ हजार. वाट्याला दोन हजार. बहिणीचे चौदा, भावाचे अठ्ठावीस, अम्मीचे बारा. प्रत्येकाला आकडा आधी सांगितला, हो म्हणून घेतलं आणि पावत्यांची फाइल केली.

घर बाजारात दाखवण्याआधी शेजारच्या काकांना विचारलं. शेजाऱ्याला आधी विचारावं, ही आपली रीत. आपल्या फिकहमधल्या शुफ्याच्या हक्कामागेही हाच विचार आहे. काका म्हणाले, “मला नको बाबांनो, माझंच मला आवरत नाही. पण घेणाऱ्याला तो खड्डा सांगा बरं का. तुमचे वडील चुरा टाकत होते तेव्हा मी बैलगाडी लावली होती.” आम्ही हसलो. खड्ड्याचा दुसरा साक्षीदार भिंतीपलीकडेच होता. आम्ही काहीही झाकलं असतं तरी ते या गल्लीत फार दिवस झाकून राहिलं नसतं.

एजंट म्हणाला होता तसंच झालं. पहिलं गिऱ्हाईक काच बघून, आम्ही सांगितलेलं ऐकून जे गेलं ते परत आलं नाही. दुसऱ्यानं जागेचा भाव सांगितला. तिसरं जोडपं लातूरकडचं, नवरा खराडीत एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, बायको शिवणकाम करते. ते वर दोन खोल्या काढायच्या विचारानंच आले होते. आम्ही त्यांना मागच्या खोलीत नेलं, काच दाखवली, खड्डा किती आहे ते पावलांनी मोजून दाखवलं. त्या बाईंनी विचारलं, “हे तुम्ही आम्हाला का सांगताय?” आपा म्हणाली, “रात्री तुम्हीच झोपणार ना इथे.”

त्यांनी आपला इंजिनिअर आणला. घासाघीस झाली. शेवटी आमच्या अपेक्षेपेक्षा ४ लाख ८० हजारांनी कमी किमतीत सौदा ठरला. खरेदीखतात आम्ही आग्रहानं परिच्छेद घालून घेतला : घराचा मागचा कोपरा भरावावर आहे, तिथल्या भिंतीत भेग असून ती हलती आहे, पाया खडकापर्यंत मजबूत केल्याशिवाय वर बांधकाम करणं धोक्याचं आहे आणि हे घेणाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवलं आहे. टंकलेखन करणाऱ्यानं विचारलं, विकणारेच हे लिहून मागतायत? घर त्या बाईंच्या नावावर घेतलं गेलं. महिलेच्या नावानं घेतल्यावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, हे त्यांना आपानंच सांगितलं. आपा त्या दिवशी सकाळच्या एसटीनं साताऱ्याहून आली होती.

४ लाख ८० हजारांचे अठ्ठेचाळीस वाटे म्हणजे वाट्याला दहा हजार. भावांचे प्रत्येकी १ लाख ४० हजार गेले, अम्मीचे साठ, बहिणींचे प्रत्येकी सत्तर हजार. सत्तर हजार म्हणजे धाकटीच्या मुलीची एका वर्षाची फी. ती रक्कम लहान नाही आणि ती सोडणं सोपं होतं असं आम्ही म्हणणार नाही. भावांनी आपल्या वाट्यातून भाचीची ती एक वर्षाची फी भरली. मात्र धाकटीच्या हिश्शाचे पैसे पूर्ण आणि वेगळे तिच्या खात्यात गेले. फी ही मदत झाली, हिस्सा हा हक्क. या दोन गोष्टी एका पाकिटात घालायच्या नाहीत, हे आम्ही या व्यवहारात शिकलो.

घर विकणाऱ्या वाचकांना आमच्या अनुभवातून तीन-चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. गवंड्याला बोलवण्याआधी वारसांना बोलवा, बहिणींना तर आवर्जून. डागडुजीचा प्रत्येक रुपया त्यांच्याही वाट्यातून जातो. गिऱ्हाईक पाडणारं आहे की राहणारं, ते ओळखा. भेगेला एक पावसाळा द्या, घाईत बुजवू नका. पावत्या ठेवा. आणि वडीलधारी माणसं घराबद्दल जे सांगून गेली ते कुठल्याच उताऱ्यावर नसतं, ते खरेदीखतात लिहा. घराचा तोही एक कागद आहे.

त्या कुटुंबानं राहायला जाण्याआधीच मागचा कोपरा खणायला घेतला, असं शेजारच्या काकांनी फोनवर सांगितलं. तीन फुटांवर कच लागली, नऊ फुटांवर खडक. एजंट अजूनही म्हणतो की आम्ही पावणेपाच लाख हकनाक सोडले. आमच्या हिशेबात ते पैसे कुठे गेले ते स्पष्ट आहे. ते त्या नऊ फुटांत गेले, आणि अब्बांनी तो खड्डा भरल्यापासून त्यांची तिथे गरज होतीच.